परक्या पैशाचा संसार

तुमच्याही कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असेलच. विजेचं बिल, गॅसची पावती, मुलांच्या फीचे कागद असं सगळं त्यात कोंबलेलं असतं. माझ्याकडेही तो आहे. पण मध्यंतरी दोन वर्षं त्याच्या शेजारी दुसरा एक डबा होता आणि त्याला हात लावायची घरात कुणालाच परवानगी नव्हती. मुलांनाही नाही नि यांनाही नाही. त्यात दागिने नव्हते की पैसे नव्हते. होत्या त्या रिक्षाच्या, झेरॉक्सच्या, चहाच्या नि मजुरीच्या पावत्या.

बी.ए.ला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पुढं शिकत राहिली आणि मी लग्न करून माजलगावला आले. ती आता एका विद्यापीठात शिकवते. मी घर सांभाळून शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. २०२२ च्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलींची शाळा नेमकी कुठं तुटते, यावर तिला एक संशोधन प्रकल्प मंजूर झाला होता. "प्रश्न विचारायला मुली मी नेमीन, पण तिथं राहून सगळं बघणारं, भरवशाचं माणूस हवं. येशील का?" माझ्या बी.ए.वर सहायकाची जागा मिळण्यासारखी नव्हती, त्यामुळे रोजाप्रमाणे मानधन. मी यांना विचारलं तर हे हसून म्हणाले, "घरचा हिशेब तर महिन्याच्या महिन्याला जुळत नाही तुझा!" झालं, तेवढ्यावरच मी हो म्हणून टाकलं.

तुम्ही म्हणाल, विद्यापीठाला बाहेरचा पैसा कशाला लागतो? मलाही तेच वाटलं होतं. पण विद्यापीठाचा स्वतःचा पैसा पगार, परीक्षा, इमारती यांतच जातो. संशोधनासाठी प्राध्यापकांना बाहेर अर्ज करावे लागतात. समाजाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी दिल्लीला १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद आहे, विज्ञानवाल्यांसाठी आणखी वेगळी खाती आहेत. अशा प्रकल्पात काम प्राध्यापकाचं असतं, पण पैसा जमा होतो तो विद्यापीठाच्या नावावर आणि तोही हप्त्याहप्त्यानं. आधीच्या हप्त्याचा हिशेब पोचल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मैत्रिणीला गावोगाव फिरण्यासाठी रोख लागली की ती विद्यापीठाकडून अॅडव्हान्स घ्यायची आणि पावत्या जोडून तो फेडायची. एकदा फाईल कार्यालयात अशी अडकली की दोन महिने गाडीभाडं तिनं स्वतःच्या पगारातून भरलं.

आणि नियम तरी किती! आपण काय करतो, डाळीच्या डब्यातली नोट काढून दूधवाल्याला देतो, पुढच्या आठवड्यात किराण्यातून वाचवून परत डब्यात ठेवतो. इथं तसं चालत नाही. प्रवासाचे पैसे प्रवासाला, छपाईचे छपाईला. एका हेडमधले दुसऱ्यात वळवायचे तर आधी लेखी परवानगी. टेपरेकॉर्डर घेतला तर त्याची नोंद विद्यापीठाच्या डेडस्टॉक रजिस्टरात. सगळ्यात गंमत मला व्याजाची वाटली. पैसे खात्यात पडून राहिले नि त्यांवर व्याज मिळालं, तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणे तेही सरकारकडे परत. पोस्टात चार पैसे ठेवून त्यांच्या व्याजावर दिवाळी करणारी मी. माझ्या काळजात कळच आली.

खरी पंचाईत मात्र तारखांची होती. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आमच्या बीड जिल्ह्याचं वर्ष उसावर चालतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादम ट्रॅक्टर घेऊन येतो आणि वस्त्याच्या वस्त्या सांगली, कोल्हापूर नि पार बेळगावकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. त्या कोयत्यानं पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. परत यायचं ते कारखान्याचं धुराडं बंद झाल्यावर. २०२१-२२ च्या हंगामात तर राज्यात ऊस इतका उदंड होता की काही कारखाने जूनपर्यंत चालले. आमचा पहिला हप्ता आला डिसेंबरात! पैसे खात्यात नि बायका फडात. वस्तीवर म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात जेवणारी पोरं तेवढी. एक गृहस्थ मैत्रिणीला म्हणाले, मार्चच्या आत फॉर्म भरून टाका, बायका सगळीकडे सारखंच सांगतात. ती ऐकली नाही. तिनं वाढीव मुदत मागितली. मुदत मिळाली, वाढीव पैसे नाहीत.

२०२३ च्या मे महिन्यात बायका परतल्या आणि काम सुरू झालं. सिंदफणेच्या बाजूच्या एका वस्तीवर सहाजणी बोलायला बसल्या. अर्धा दिवस बुडतो म्हणून प्रत्येकीला दोनशे रुपये द्यायचे ठरलं होतं. एकीची तिशीतच पिशवी काढलेली. हे आमच्याकडे नवं नाही. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा मी पेपरात वाचला होता. तो असा समोर बसून कंबर दाबत बोलतो, हे त्या दिवशी पाहिलं.

बोलणं झालं. मी पैसे वाटले, पावत्या नि शाईचा पॅड पुढं केला. पाचजणींनी अंगठे दिले. सहावीनं, त्या कंबरवालीनंच, नोटा परत माझ्या मांडीवर ठेवल्या. "अंगठा दिला की अंगावर बसतंय बाई. नकोत मला पैसे." मी समजावलं, की हे तुमच्या वेळेचे पैसे, कुणाचं देणं नाही. तशी ती म्हणाली, "मुकादमबी पहिल्यांदा असंच गोड बोलतो." झालं, बाकीच्या पाचजणी उठल्या नि आपापल्या पावत्या परत मागू लागल्या. दोघींनी तर माझ्या हातातून घेऊन फाडल्याच. पैसे मात्र मी त्यांच्याकडून मागू शकले नाही, आणि त्या कंबरवालीच्याही पदरात घालून आले.

घरी आले. तीन पावत्या हातात, तीनांचा पत्ता नाही, सहाशे रुपये गेलेले. कार्यालयातल्या एका माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "अहो, कुणाचाही अंगठा लावा, कोण तपासतंय?" खोटं कशाला सांगू? रात्री सगळे झोपल्यावर मी माझा डावा अंगठा शाईत बुडवला आणि एका कोऱ्या पावतीवर उमटवला. मग ती खऱ्या पावत्यांशेजारी ठेवली. माझ्या अंगठ्याच्या रेषा रांगोळीसारख्या गोल, पुऱ्या उमटल्या होत्या. त्यांच्या अंगठ्यांना रेषाच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. होते ते नुसते डाग, मधून कोयत्याचे वण गेलेले. मी पावती फाडून चुलीत घातली (गॅस असला तरी पाणी तापवायला आमची चूल आहे) आणि सकाळी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सहाशे मी भरते. पण पावती बदलायला हवी."

मग आम्ही नव्या पावत्या छापल्या, एकाच मजकुराच्या दोन-दोन. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही उचल नाही. यातलं काही फेडायचं नाही.' एक प्रत आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. पुन्हा त्या वस्तीवर गेले. कंबरवालीची सातवीतली मुलगी पुढं आली, तिनं ते वाचून दाखवलं. आई म्हणाली, "परत वाच." असं तीनदा झालं. मग तिनं अंगठा दिला नि आपली प्रत घडी करून कनवटीला लावली. पुढं हिशेब तपासणाऱ्यांनी विचारलंच, की पावतीवर हा जादा मजकूर कशासाठी? मैत्रिणीनं त्याचं दीड पानी उत्तर दिलं.

गेल्या खेपेला, म्हणजे २०२४ च्या दिवाळीनंतर, मी वस्तीवर गेले तोवर खर्च बंद झाला होता, चार्टर्ड अकाउंटंटच्या सह्या झाल्या होत्या, उरलेले पैसे व्याजासकट परत गेले होते. अहवाल तेवढा लिहायचा होता. ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी. कंबरवालीनं मला पाहिलं नि विचारलं, "बाई, तुमचं फिटलं का?" मी म्हटलं, पैशाचं फिटलं, लिखाणाचं राहिलंय. ती हसली. इतक्यात ट्रॉलीवर माझी नजर गेली. गाठोड्यांवर धाकट्या भावाला मांडीत घेऊन ती पावती वाचणारी मुलगी बसली होती. आमच्या फॉर्मात तिच्या नावापुढं 'गावी राहणार, शाळा चालू' असं मीच लिहिलेलं होतं. त्याच रात्री मैत्रिणीला फोन करून ती नोंद बदलायला सांगितली.