कोणाच्या हाताला कोणती थाळी

24 नोव्हेंबर
आदिवासी विकास प्रकल्पस्तरीय स्पर्धा आटोपल्या. थाळीफेकीत आमच्या आश्रमशाळेची नववीतली मुलगी पहिली आली. आता विभागीय स्पर्धा. तिच्यासाठी नवी थाळी घ्यायला मुख्याध्यापक तयार आहेत. कोणती घ्यायची ते मी सांगायचे. दुकानदाराच्या यादीत मुलींच्या 1 किलोच्या बऱ्याच थाळ्या आहेत. व्यास सगळ्यांचा नियमातला, 180 ते 182 मिलिमीटर. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. हा फरक मुख्यतः कडेचा. साध्या लाकडी थाळीत साधारण 70 टक्के वजन लोखंडी कडेत असते, मधल्या प्रतीत 80च्या आसपास, आणि ‘हाय स्पिन’ म्हणून विकतात तिच्यात 85-90 टक्के. वजन जितके कडेला, तितकी थाळी एकदा फिरली की फिरत राहते, हवेत डुगडुगत नाही. दुकानदार फोनवर म्हणाला, “सर, महागडीच घ्या, लांब जाते.” लांब जाते हे खरे, पण ज्याला ती फिरवता येते त्याची.

27 नोव्हेंबर
शेजारच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षक मित्राकडून दोन थाळ्या मागून आणल्या, एक 80 टक्क्यांची, एक हाय स्पिन. मुलीला काही न सांगता आळीपाळीने हातात दिल्या. हाय स्पिन दोनदा फेकून ती म्हणाली, “सर, ही जड लागून राहिली.” काट्यावर दोन्ही सारख्याच भरल्या. तरी तिचे म्हणणे बरोबर आहे. वजन मध्यापासून दूर गेले की फिरवायला जोर जास्त लागतो आणि हा जोर शेवटच्या क्षणी तर्जनीतून जातो. भोवऱ्याला जाळी कच्ची बसली तर तो उभाच राहत नाही, मग लाकूड कितीही चांगले असो. हाय स्पिन तिच्या हातून सुटली की डावी कड लवकर खाली झुकते आणि थाळी डावीकडे घसरत पडते. 80 टक्क्यांची सपाट जाते.
इथल्या मुली धान रोवतात, मोहफुले वेचतात, पाण्याचे गुंड वाहतात. खांदा आणि कंबर तयारच असते. बोट आणि मनगट मात्र घडवावे लागते आणि त्याला वर्षे लागतात.

1 डिसेंबर
मैदानाच्या तिन्ही बाजूंना साग आणि ऐन. सकाळी पानही हलत नाही. थाळीला समोरून वारा हवा असतो, तो तिला उचलून धरतो. उजव्या हाताच्या फेकणाऱ्याला समोरून थोडा उजवीकडचा वारा सगळ्यांत चांगला. पुरुषांचा 74.08 मीटरचा जागतिक विक्रम 1986 पासून टिकला होता. तो लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने 2024 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॅमोना नावाच्या लहानशा गावी, वाऱ्याच्या उघड्या माळावर मोडला आणि 2025 मध्ये तिथेच 75.56 मीटर केला. जंगलातल्या आमच्या मैदानावर अशी मदत नाही. इथे जे अंतर मिळते ते निव्वळ फिरकीचे आणि हाताच्या वेगाचे. म्हणून या मैदानावरचे तिचे अंतर मला जास्त विश्वासाचे वाटते.

4 डिसेंबर
अमेरिकेत डिस्क गोल्फ हा खेळ बराच रुजला आहे. प्लास्टिकची चकती लांबून फेकत फेकत शेवटी साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. त्यातही नेमका हाच प्रश्न. लांब पल्ल्याच्या चकतीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात आणि नवख्याने सर्वांत वेगवान ड्रायव्हर घेऊ नये, असे जाणकार सांगतात. हातात तेवढा वेग नसेल तर उजव्या हाताच्या फेकणाऱ्याची ती लवकर डावीकडे वळून पडते. आमच्या मैदानावर दिसले ते हेच.

8 डिसेंबर
उघड्या मैदानावर दोन्ही थाळ्या पाहायला मुलीला घेऊन बल्लारपूरला आलो. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा, मग गोंडपिपरी, कोठारी. इथल्या विसापूरच्या तालुका क्रीडा संकुलात डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या होत्या. देशभरातली मुले इथे येऊन फेकून गेली, हे मी तिला मुद्दाम सांगितले. दिल्लीच्या 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत थाळीफेकीची तिन्ही पदके भारतीय बायकांनी घेतली, हेही सांगितले: कृष्णा पुनिया, हरवंत कौर, सीमा अंतिल. तिने विचारले, “त्या कोणती थाळी फेकत होत्या?” मी म्हणालो, तुझ्याइतक्याच वजनाची, 1 किलोची. मुलींची आणि बायकांची थाळी बदलत नाही, वाढतो तो हात. ती बराच वेळ हातातल्या थाळीची कड चाचपत राहिली.
उघड्या मैदानात समोरून वारा होता. 80 टक्क्यांची छान तरंगली. हाय स्पिन पुन्हा घसरली, एकदा मात्र सरळ गेली आणि तेव्हा ती दुसरीपेक्षा पुढे पडली.

9 डिसेंबर
मुख्याध्यापकांना लिहून दिले: 80 टक्क्यांची, मधला भाग लाकडी, लोखंडी कड, एक नग. उरलेल्या पैशांत सरावासाठी रबरी थाळ्या, म्हणजे सातवी-आठवीच्या मुलींनाही फेकायला मिळेल. हाय स्पिन मित्राकडे परत पाठवली. मुलगी दहावीत जाईल तेव्हा ती पुन्हा मागून आणीन.