शिवणीतली माया

कोल्हापुरातल्या एका अरुंद गल्लीत, शिंप्याच्या दुकानात, पारा उडालेल्या आरशासमोर एक तरुण मल्ल उभा आहे. काळ १९९० च्या सुमाराचा. वयाच्या बाराव्या वर्षी तो गावाकडून तालमीत आला. पहाटेचे जोर, बैठका, हौद्यातली माती खोरणे, दुपारची झोप आणि संध्याकाळच्या लढती यांत त्याची बारा वर्षे गेली. त्यानंतर एका कुस्तीत गुडघा असा फिरला की पुन्हा हौद्यात उतरणे उरले नाही. खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्याला एका कार्यालयात कारकुनी मिळाली आहे. सोमवारी हजर व्हायचे आहे. त्यासाठी बाजारातून आणलेला तयार शर्ट या क्षणी त्याच्या अंगात आहे, आणि तो शर्ट त्याची जवळजवळ थट्टा करतो आहे. छातीच्या मापाने घेतल्यामुळे कमरेशी त्याचा तंबू झाला आहे, बाह्या दंडाशी काचतात, गळ्याचे बटण लागत नाही. हात पुढे घेतला की पाठीवर शिवण ताणते.

"मामा, जरा ढगळ शिवा. अंग दिसाय नको," तो म्हणतो.

म्हातारा शिंपी चष्म्यावरून पाहतो. "का रं? चोरून आनलंयस काय अंग?"

या प्रश्नाला त्या तरुणापाशी उत्तर नव्हते. पण प्रश्न विनोदाने सोडून देण्यासारखा नाही. कष्टाने कमावलेले शरीर लपवावे असे एखाद्याला का वाटावे?

पहिली अडचण निव्वळ गणिताची आहे. तयार कपडे शिवणारा कारखाना कोणा एका माणसासाठी शिवत नाही, तो सरासरीसाठी शिवतो. कोट-विजारीच्या तयार जोडात छाती आणि कंबर यांच्या मापांत सर्वसाधारणपणे सहा इंचांचा फरक गृहीत धरलेला असतो. या तरुणाची छाती ४६ आणि कंबर ३४, म्हणजे फरक बारा इंचांचा. छातीकडे पाहून घेतलेले वस्त्र कमरेला पोरके होते, कमरेकडे पाहून घेतलेले छातीवर चढतच नाही. मानेपासून खांद्यापर्यंत उतरत जाणारा स्नायू इतका भरलेला असतो की मल्लाचे खांदे रुंद असूनही उतरते दिसतात. परिणामी गळ्याजवळ कापड उचलले जाते आणि कॉलर मानेपासून फटकून उभी राहते. त्यावर कोटाच्या खांद्यात कापसाची गादी घातली तर माणूस कपाटासारखा दिसू लागतो. मांड्यांचीही तीच कथा. मांडीला बसणारी विजार कमरेला पट्ट्याने गोळा करावी लागते.

गणितापेक्षा दुसरी अडचण मोठी आहे, आणि ती नजरेची आहे. 'अक्कल गुडघ्यात' हा शब्दप्रयोग मराठीत पैलवानाला जितक्या सहजपणे चिकटवला जातो तितका तो अन्य कोणालाही चिकटवला जात नाही. ज्या समाजाने मारुतीच्या देवळाशेजारी तालमी उभारल्या, त्याच समाजाने बलदंड शरीर आणि मंद बुद्धी यांची सांगड घालून ठेवली, हे आपल्या सांस्कृतिक दुटप्पीपणाचे एक ठळक उदाहरण म्हणता येईल. कारकुनी करायला निघालेल्या त्या तरुणाला हे पुरते ठाऊक होते. ढगळ सदऱ्याची त्याची मागणी सौंदर्यदृष्टीतून आलेली नव्हती. टेबलापलीकडच्या माणसांना प्रथम आपण दिसावे, पैलवान नंतर दिसला तरी चालेल, एवढीच त्याची इच्छा होती.

वस्तुतः मल्लाच्या वेषाचा प्रश्न कोल्हापूरच्या परिसराने एकदा फार समाधानकारक रीतीने सोडवलेला होता. हौद्यात मल्ल लंगोटावर असतो. ताक, तेल, हळद, कापूर पोटात घेतलेली तांबडी माती हेच तेथे त्याचे वस्त्र. पण हौद्याबाहेर पडताच तो मानेपासून घोट्यापर्यंत झाकला जातो. पांढरा सैल नेहरू शर्ट, दुटांगी धोतर किंवा पायघोळ पायजमा, पायांत करकरणाऱ्या वहाणा आणि डोक्यावर फेटा. संपूर्ण उघडेपण आणि संपूर्ण आच्छादन या दोहोंच्या मधली स्थिती या परंपरेला मान्य नाही. अंग दाखवायचे ते लढताना. एरवी ते चालीवरून ओळखले जावे. या वेषाची रचनाही बारकाईने पाहण्याजोगी आहे. धोतराला शिवणच नसते, त्यामुळे मांडीचा घेर किती हा प्रश्न उद्भवत नाही. ते त्या त्या दिवशीच्या शरीराशी नव्याने करार करते. छातीवरून सरळ खाली येणारा, बाजूंना चिरा असलेला सदरा कमरेचे माप विचारीत नाही. आणि फेटा! तो केवळ मानाचा नव्हे. रुंद खांद्यांवर आणि जाड मानेवर उघडे डोके लहान दिसते, फेट्याचा घेर ते प्रमाण पुन्हा जुळवून आणतो. कुस्ती जिंकलेल्या मल्लाला फेटा बांधण्याची रीत ज्यांनी पाडली त्यांच्या मनात हा विचार असेलच असे नाही. पण रीती पुष्कळदा माणसांपेक्षा शहाण्या असतात.

राजर्षी शाहू महाराज स्वतः अतिशय भरदार बांध्याचे होते. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान ही त्यांच्या मल्लविद्येवरील प्रेमाची खूण आजही उभी आहे. राजवेषातल्या त्यांच्या चित्रांपेक्षा साध्या सैल वेषातली त्यांची छायाचित्रे अधिक भारदस्त वाटतात. दागिने आणि जरीकाम यांच्याशी त्या देहाला स्पर्धा करावी लागत नाही, हे त्याचे कारण असावे.

याच्या नेमके उलट टोक युरोपातून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी युजेन सँडो भारतात प्रयोग करून गेला. अंगाला पांढरी भुकटी फासून ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यात उभा राहणारा हा बलोपासक स्नायूंकडे केवळ पाहण्याची वस्तू म्हणून पाहायला शिकवीत होता. भारतीय शिल्पातला वीर तसा नाही. त्याची त्वचा नितळ असते, बळ श्वासाने भरलेल्या छातीत साठलेले असते, स्नायूंच्या गाठी कोरण्याची शिल्पकाराला गरज वाटत नाही. सँडोची पुस्तके आज कोणी वाचीत नाही. गंमत अशी, की त्याचे नाव या देशात टिकून राहिले ते एका कपड्यावर. बाह्या नसलेली 'सँडो बनियन' मराठी माणूस घालतो आणि बंगाली माणूसही घालतो. ज्याने कपडे उतरवण्याची कला दाखवली त्याची स्मृती अंतर्वस्त्राने जपावी, यात एक प्रकारचा काव्यगत न्याय आहे. आजच्या व्यायामशाळांतून बाहेर पडणारे, अंगाला चिकटलेल्या ताणदार कापडातले तरुण हे नकळत सँडोचेच शिष्य आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ज्या वस्त्राला शरीराविषयी दाखवण्यापलीकडे काही सांगायचे नसते, ते वस्त्र लवकर कंटाळवाणे होते.

मल्लांपैकी अनेकांचा प्रश्न गणवेषाने परस्पर मिटवला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस खात्यात दाखल झाले. खाकी वर्दी माणसाला त्याची आवड विचारीत नाही. तिच्या आत रुंद छाती ही अडचण न होता पात्रता ठरते. कारकुनाच्या टेबलाला मात्र वर्दी नसते.

शरीर लपवण्याच्या प्रश्नावर आपल्याकडची सर्वांत जुनी चर्चा विराटपर्वात आहे, आणि त्या दृष्टीने हे पर्व फारसे वाचले गेलेले नाही. अज्ञातवासात पांडवांना नावांइतकीच शरीरेही बदलायची होती. अर्जुनाच्या दोन्ही हातांवर धनुष्याच्या दोरीचे घट्टे होते. त्याने ते बांगड्यांखाली झाकले. त्याच्या शरीरावरची कामाची खूण लहान होती, म्हणून ती अलंकाराखाली मावली. भीमाचे तसे नव्हते. त्याची खूण म्हणजे त्याचा सारा देह. तो काळी वस्त्रे नेसून, हातात पळी-डाव घेऊन बल्लव नावाचा आचारी म्हणून विराटाच्या सभेत गेला. विराटाचा त्यावर विश्वास बसला नाही. हा आचारी दिसत नाही, हे त्याला पाहताक्षणीच उमगले. तरीही त्याने भीमाला स्वयंपाकघरात ठेवून घेतले. पुढे उत्सवात जीमूत नावाच्या मल्लाशी लढायला कोणी धजेना तेव्हा राजाने या आचाऱ्यालाच पुढे केले. व्यासांचा हा तपशील मार्मिक आहे. काळ्या वस्त्राने भीम लपला नाही. तो निभावला तो त्याच्या हातच्या स्वयंपाकामुळे.

शिंप्याने विराटपर्व वाचले होते की नाही, हे सांगता येत नाही. त्याने तयार शर्ट उतरवायला लावला आणि फीत हातात घेतली. इतर गिऱ्हाइकांना तो ताठ उभे करून मापे घेई. याला त्याने हात पुढे घ्यायला लावले, स्टुलावर बसवले, खाली वाकून काहीतरी उचलायला सांगितले, आणि प्रत्येक वेळी पाठीचे माप वेगळे लिहिले. मुंढा त्याने उंच बेतला. खोल मुंढ्याने हात मोकळा राहतो हा सामान्य समज आहे. प्रत्यक्षात हात उचलताच असा मुंढा सबंध शर्ट वर ओढून नेतो. काखेजवळचा उंच मुंढा दंडाला त्याच्या जागी फिरू देतो. पाठीत कमरेच्या वर त्याने दोन उभ्या चुण्या शिवल्या, त्यामुळे तंबू नाहीसा झाला आणि तरीही कापड कोठे चिकटले नाही. कॉलर रुंद घेतली, कारण त्या मानेवर अरुंद कॉलर दोरीसारखी दिसली असती. विजारीला पुढे चुण्या देऊन मांडीची सोय केली. तरुणाने टेरिकॉटचे चकचकीत कापड आणले होते. म्हाताऱ्याने ते बाजूला सारले आणि जाड्याभरड्या सुताचे, निळसर राखी रंगाचे कापड काढले. चमकणारे कापड प्रत्येक उंचवट्यावर उजेड पकडते आणि अंगाचा नकाशा काढते. सुती कापड उजेड पिऊन टाकते. छातीवर दोन खिसे हवेत असा आग्रह तरुणाने धरला, तेव्हा शिंपी एवढेच म्हणाला, "छाती हाय की. वर आनि खिसं कशाला?"

तयार झालेला शर्ट ढगळ नव्हता आणि तंगही नव्हता. तो अंगासरसा होता. आरशात पाहताना त्या तरुणाला प्रथमच आपले शरीर लपलेलेही दिसले नाही आणि मांडलेलेही दिसले नाही. ते नुसते होते.

शर्ट उलटा करून पाहताना मात्र तो थबकला. दोन्ही बाजूंच्या शिवणींत आत दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेले होते.

"एवढं कापड वाया का घालवलं मामा?"

"वाया न्हाई, माया हाय ती. खुराक सुटला की अंगबी सुटतं."

वेदान्तात माया म्हणजे भास, घरात माया म्हणजे जिव्हाळा, आणि शिंप्याच्या दुकानात माया म्हणजे उद्याच्या शरीरासाठी शिवणीत राखून ठेवलेले कापड. मराठीने या तिन्ही अर्थांना एकच शब्द द्यावा, हा योगायोग असला तरी सुंदर आहे. कारखान्यातल्या कपड्यांत माया नसते. शिवणीपलीकडचे कापड कापून यंत्राने कड गुंफलेली असते. हल्लीचे ताणदार धागे शरीराबरोबर ताणतात हे खरे, पण उसवून पुन्हा घालण्याइतकी जागा त्यांच्यापाशीही नसते.

कार्यालयात त्या तरुणाला पहिल्या आठवड्यातच 'पैलवान' हे नाव पडले. ते कोणत्याही शर्टाने टळले नसते. पहिली काही वर्षे जड कपाटे हलवायची असली की त्यालाच हाक येई. पुढे दप्तरातली जुनी प्रकरणे नेमकी कोठे आहेत हे त्याच्याइतके कोणाला सांगता येत नाही, हे लक्षात आल्यावर हाका वेगळ्या कारणाने येऊ लागल्या. नाव तेच राहिले, उच्चार बदलला. वर्षातून दोन शर्ट, त्याच बेताचे, त्याच दुकानातून. रंग राखी, निळसर किंवा मातकट. छापाचे कापड त्याने कधी घेतले नाही. सहकारी याला कंजूषपणा समजत, आणि थोडाफार तो असेलही. पण आपल्याला काय शोभते हे एकदा कळलेल्या माणसाची निश्चिंती त्याच्या वागण्यात उतरलेली होती.

शिंप्याचे भाकीत अर्थातच खरे ठरले. तालीम सुटली, दूध-बदाम सुटले, भूक मात्र तालमीतलीच राहिली. शिवणी उसवल्या गेल्या. उसवलेल्या जागी आतले कापड बाहेर येई तेव्हा दोन्ही बाजूंना गडद रंगाच्या दोन उभ्या पट्ट्या दिसत, कारण तेवढ्या कापडाला ऊन लागलेले नसे. म्हातारा गेला, त्याचा मुलगा मशीनवर बसला. मापांची जाडजूड वही तीच राहिली. तिच्यात या गिऱ्हाइकाच्या नावापुढे आकडे एकाखाली एक उतरत गेले: छाती ४६, कंबर ३४, छाती ४७, कंबर ३६, छाती ४७, कंबर ३९. पुढे छाती उतरू लागली.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना त्याच्या मुलीचे लग्न ठरले. मुलाने पुण्याहून तयार कोट-विजारीचा जोड आणला. वडिलांना तयार कपडे बसत नाहीत हे घरात सर्वांना ठाऊक होते, म्हणून परत करण्याची पावतीही त्याने जपून ठेवली होती. त्याने कोट अंगात घातला. खांदे बसले. बटण लागले. विजारीला पट्टासुद्धा लागला नाही. घरातल्यांना फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो शिंप्याच्या दुकानात गेला. मुलाने सवयीने फीत काढून माप घेतले आणि वहीत लिहिले: छाती ४६, कंबर ४०. त्याने तो आकडा वाकून पाहिला, मग पान मागे उलटून पहिली ओळ पाहिली. लग्नाला कोट घालणार का, असे मुलाने विचारले. नको, तो म्हणाला, पांढरा नेहरू शर्ट शीव, आणि फेटा बांधणारा कोणी ओळखीचा असेल तर सांग.

"माया किती ठेवू?" मुलाने खडू हातात घेत विचारले.

"मामा ठेवायचे तेवढीच ठेव," तो म्हणाला.