डाळीचा डबा

निपाणीतलं दुकान बंद झालं आणि धाकटे दीर कुटुंबासह आमच्याकडं बेळगावला राहायला आले, त्या वर्षीची ही गोष्ट. माणसं चांगली, घर मोठं. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. तरी दोन महिन्यांत मी मलाच ओळखेनाशी झाले. डाळीचा डबा दुसऱ्या फळीवर दिसला तरी माझा तोल जाई. पंचवीस वर्षं 'शांत सून' म्हणून नावाजलेली मी! एकदा जावेला बोलून गेले, "स्वतःचं घर टिकवता आलं नाही, आता माझं आवरायला आलीस?"

ती काही बोलली नाही. मळत असलेली कणीक तशीच ठेवून आत गेली. आमच्याकडं सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. त्या दिवशी ती जेवलीच नाही.

अंधार पडल्यावर मी तोंड लपवायला गच्चीवर गेले. तिथं तिचा मुलगा होता. धारवाडला भौतिकशास्त्र शिकतो, दिवाळीच्या सुट्टीला आलेला. घडलेलं त्याला ठाऊक असणारच. पण त्यानं विषय काढला नाही. हातात दुर्बीण देऊन म्हणाला, "काकू, तो पुसट ठिपका बघ. देवयानी दीर्घिका. पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. सेकंदाला एकशेदहा किलोमीटर वेगानं आपल्याकडं येते आहे."

"मग आपटणार की काय?"

"कदाचित. तेही काही अब्ज वर्षांनी. पण तारे एकमेकांवर आदळत नाहीत गं, त्यांच्यात अंतरच इतकं असतं. आदळतो तो वायू."

मग तो सांगत बसला आणि मी ऐकत बसले. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एक कृष्णविवर आहे, चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं. २०२२ मध्ये त्याचं चित्रही प्रसिद्ध झालं. सध्या ते जवळजवळ निजलेलं आहे, कारण त्याच्या तोंडाशी फारसं काही येत नाही. दीर्घिकेतला वायू गोल फिरत राहतो, म्हणून मध्यभागी पडत नाही. पण दोन दीर्घिका जवळ आल्या की एकीची ओढ दुसरीची घडी विस्कटते. वायूचे ढग ढगांवर आदळतात, त्यांची गिरकी मोडते आणि ते आत घसरतात. कृष्णविवराभोवती घिरट्या घालताना तो वायू घासून इतका तापतो, की अख्ख्या दीर्घिकेच्या ताऱ्यांपेक्षा जास्त प्रकाश तिथून निघू शकतो.

एनजीसी ६२४० नावाच्या दीर्घिकेत हे चालू आहे. दोन दीर्घिका एक होताहेत. 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीनं २००२ मध्ये तिथं दोन कृष्णविवरं दाखवली, दोन्ही जागी. धुळीच्या पडद्याआड होती, म्हणून साध्या प्रकाशात कळली नव्हती.

"म्हणजे टक्कर झाली म्हणून ती तयार झाली?" मी विचारलं.

"नाही गं काकू. ती आधीपासूनच होती. टक्करीनं फक्त जागी झाली."

मी गप्प झाले.

थोड्या वेळानं त्यानंच पुस्ती जोडली, की प्रत्येक वेळी टक्करच लागते असंही नाही. कितीतरी दीर्घिका एकट्याच असतात, तरी त्यांचं केंद्र पेटलेलं असतं. तिथं वायू हळूहळू आत झिरपत जातो. टक्करींचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

रात्रभर मला झोप नव्हती. जाऊ आली म्हणून मी रागीट झाले, असं मी स्वतःला पटवत होते. पण राग तिनं निपाणीहून थोडाच आणला होता? तो माझ्याच घरचा. पंचवीस वर्षांत कुणी माझ्या फळीला हात लावला नव्हता, म्हणून तो निजला होता. त्यालाच मी शांत स्वभाव समजत होते. बायांनो, आपल्यातल्या कितीजणींचा शांतपणा असा असेल?

सकाळी चुलीपाशी तिला म्हटलं, "काल बोलले ते माझं चुकलं. तुझं काही चुकलं नव्हतं."

ती पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे अक्का. पण विसरायला मला वेळ लागंल."

खरं बोलली. मलाही ते बरं वाटलं.

जागं झालेलं कृष्णविवर कायम धगधगत नाही म्हणे. त्याच्याच झोतानं भोवतीचा वायू लांब फेकला जातो, नाहीतर संपतो, आणि ते पुन्हा निजतं. नाहीसं मात्र होत नाही. तीन वर्षं झाली. डाळीचा डबा अजूनही कधी या फळीवर असतो, कधी त्या. मी शोधते, सापडला नाही, तर तिला हाक मारते.