आजोबांची वही व एक जुनें विमान

आमचें डोलवी गांव पेण तालुक्याच्या खारेपाटांत, धरमतरच्या खाडीजवळ आहे. आज त्याचें नांव घेतलें कीं लोकांस तेथील पोलादाचा प्रचंड कारखाना आठवतो. परंतु माझ्या लहानपणीं डोलवी म्हणजे भातशेतें, खाडीचा चिखल आणि समुद्राचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून घातलेले मातीचे लांबच लांब बांध, एवढेंच होतें. अशा गांवच्या माणसानें विमानाविषयीं लिहावयास बसावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण माझ्या मनांत बांध आणि विमान यांची गोष्ट एकाच वहींत लिहिलेली आहे, आणि ती वही माझ्या आजोबांची होती.

आजोबा तरुणपणीं हवाईदलांत फिटर होते. पुण्यास लोहगांवच्या विमानतळावर त्यांचीं बरींच वर्षें गेलीं. त्यांच्या हातांखालून जाणाऱ्या विमानांचें नांव ‘लिबरेटर’. चार इंजिनें, पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ११० फूट, आणि पोटांत बाँब ठेवण्याची ऐसपैस जागा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेनें अशीं अठरा हजारांहून अधिक विमानें बांधलीं. दिसावयास तें सुंदर नव्हतें. आजोबा त्याला कौतुकानें ‘आमची म्हैस’ म्हणत.

हीं विमानें आपल्या देशास कशीं मिळालीं, ती हकीकत आजोबा पुनःपुन्हां सांगत, आणि ती खरोखरच सांगण्याजोगी आहे. १९४५ सालीं युद्ध संपलें तेव्हां ब्रिटिश हवाईदलाचीं कितीएक लिबरेटर विमानें कानपुरास आणून टाकलेलीं होतीं. तीं अमेरिकेकडून उसनवारीच्या करारानें घेतलेलीं. युद्ध सरल्यावर त्यांची किंमत तरी द्यावयाची, नाहीं तर तीं निकामी तरी करावयाचीं, असा पेंच होता. तेव्हां इंजिनांत वाळू ओतण्यांत आली, यंत्रांच्या तबकड्या फोडण्यांत आल्या आणि विमानांच्या अंगास भोकें पाडण्यांत आलीं. पुढें देश स्वतंत्र झाला, आणि आपल्या हवाईदलास मोठ्या विमानांची गरज भासूं लागली. सोलापूरचे उद्योगपति शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४० सालीं बंगलोरास म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यानें विमानांचा कारखाना काढला होता. त्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याचे कारागीर १९४८ च्या सुमारास कानपुरास गेले. एकाचें चाक, दुसऱ्याचें इंजिन, तिसऱ्याची तबकडी अशी जुळवाजुळव करून त्यांनीं तीं भंगलेलीं धुडें बंगलोरपर्यंत उडत जाण्याइतकीं दुरुस्त केलीं. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं एकेक करून नेलीं. त्यापूर्वीं त्यांनीं असलें विमान कधीं चालविलेलें नव्हतें! बंगलोरास नीट दुरुस्ती होऊन चाळीसच्या आसपास विमानें हवाईदलांत दाखल झालीं. १९४८ सालीं ५ क्रमांकाचें दल या विमानांवर उभें राहिलें, व १९५१ सालीं पुण्यास ६ क्रमांकाचें दल. १९६८ पर्यंत तीं आपल्या देशाच्या सेवेंत होतीं.

ही हकीकत ऐकून आम्ही मुलें मुन्शींच्या धैर्याची वाहवा करीत असूं. आजोबा मान डोलवीत, आणि मग म्हणत, “मुन्शीसाहेब आंत बसले हें खरें. पण ते कशावर विसंबून बसले, सांगा पाहूं? खालीं उभ्या असलेल्या फिटरच्या शब्दावर!”

हवाईदलाची एक रीत त्यांच्या हाडींमासीं भिनली होती. जें काम करावयाचें तें वहींत नोंदवावयाचें व खालीं सही करावयाची; आणि जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्यावर सही करावयाची नाहीं. नोकरी संपवून ते डोलवीस आले तेव्हां हीच रीत त्यांनीं बांधाला लावली. आमच्या खारेपाटांत समुद्राचे बांध राखण्याची ‘जोळ’ नांवाची जुनी पद्धति होती. ज्यांचीं शेतें बांधाच्या आड, त्या सर्वांनीं मिळून बांधाची डागडुजी करावयाची. ना कोणास पगार, ना कोणाचा हुकूम. पुढें १९४८ चा व १९७९ चा असे खारजमिनींचे कायदे झाले, बऱ्याच बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली, आणि जोळाची रीत मोडत चालली. आमच्या आळींत ती नांवाला उरली होती, ती आजोबांच्या वहीमुळें. बांधाचे तुकडे पाडून प्रत्येक घरास एकेक तुकडा वांटून दिलेला असे. उधाणाच्या आधीं ज्यानें त्यानें आपला तुकडा चालून पाहावा, खेंकड्यांचीं बिळें दिसलीं तर चिखलानें बुजवावीं, उघाडीची फळी नीट बसते कीं नाहीं तें पाहावें, आणि वहींत लिहून सही करावी.

१९८४ च्या श्रावणांत आमच्या घरचा तुकडा पाहण्याचें काम माझ्याकडे आलें. मी तेव्हां चौदा वर्षांचा होतों. नारळी पौर्णिमेचें उधाण दोन दिवसांवर आलें होतें. त्या दिवशीं एका मित्राबरोबर मी पेणला गेलों. गणपतींच्या कारखान्यांत रंगकाम जोरांत चाललें होतें. मूर्तीचे डोळे लिहिणाऱ्या कारागिराचा हात पाहत आम्ही दुपारभर उभे राहिलों. घरीं येईपर्यंत अंधार पडला आणि पाऊस लागला. मीं वही उघडली, “बांध पाहिला, ठीक आहे,” असें लिहिलें, आणि सही केली.

पौर्णिमेच्या रात्रीं माझ्याच तुकड्यांत खांड पडली. ओरड ऐकून सारी आळी कंदील घेऊन धांवली. पेंढा, चिखल, दगड, जें हातीं येईल तें टाकून पहांटेपर्यंत बांध धरला. पण तोंवर तीन घरांच्या शेतांत खारें पाणी पसरलें होतें. त्यांतलें एक शेत शेजारच्या काकूंचें. त्यांस कर्ता पुरुष नव्हता; तेवढ्या भातावर त्यांचें वर्ष निघे. शिरलेलें पाणी ओसरतें, पण मागें राहिलेलें मीठ लवकर जात नाहीं. त्या शेतास पूर्वींसारखें पीक येण्यास पुढें तीन पावसाळे लागले.

सकाळीं आजोबांनीं मला मारलें नाहीं कीं रागें भरले नाहींत. वही माझ्यापुढें ठेवून त्यांनीं एवढेंच विचारलें, “ही तुझी सही ना?”

“हो.”

“तूं बांधावर गेला होतास?”

मला उत्तर देतां येईना. मीं पेन्सिल उचलून तें वाक्य खोडूं लागलों, तों त्यांनीं माझा हात धरला. “लिहिलेलें खोडायचें नाहीं,” ते म्हणाले. “त्याच्या खालीं खरें काय तें लिही.” मीं लिहिलें, “बांध पाहिला नव्हता.” आणि पुन्हां सही केली. त्या वर्षीं आमच्या घरच्या भातांतले दोन हिस्से आजोबांनीं काकूंकडे पोंचविले. त्याविषयीं ते कोणाशीं बोलले नाहींत.

पुढें मी नोकरीस लागल्यावर आजोबांना दिल्लीस घेऊन गेलों. पालमच्या हवाईदल संग्रहालयांत एक लिबरेटर ठेवलेलें आहे. म्हातारा गडी त्याच्या भोंवतीं दोनदां फिरला, अंगावरून हात फिरविला, आणि इंजिनांच्या खालीं वांकून जमिनीकडे पाहूं लागला. मीं विचारलें, “काय हरवलें?” ते म्हणाले, “तेलाचा थेंब नाहीं रे. आमच्या म्हशी सदा तेल गाळायच्या. थेंब नाहीं म्हणजे हिच्यांत जीव नाहीं.” त्यानंतर दोन वर्षांनीं ते वारले. वही माझ्याकडे आली.

आतां ज्या विमानासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतों. २००८ च्या उन्हाळ्यांत कामानिमित्त मी अमेरिकेंत होतों. तेथील एका लहानशा विमानतळावर जुनीं लढाऊ विमानें आलीं आहेत असें समजल्यावरून सुटीच्या दिवशीं गेलों. पाहतों तों समोर लिबरेटर! त्याच्या चारही इंजिनांखालीं तेल धरण्यासाठीं थाळ्या ठेवल्या होत्या, आणि थाळ्यांत थेंब थेंब तेल पडत होतें. मला आजोबांची आठवण होऊन गहिंवरून आलें.

तें विमान आपल्याकडचेंच होतें. १९४४ सालीं टेक्सस प्रांतांत बांधलेलें, युद्धानंतर कानपुरास टाकलेलें, बंगलोरास दुरुस्त झालेलें व १९६८ पर्यंत आपल्या हवाईदलांत उडालेलें. त्यानंतर तेरा वर्षें तें आपल्या देशांत पडून होतें. १९८१ मध्यें एका ब्रिटिश संग्राहकानें तें विलायतेस नेलें, व १९८४ मध्यें मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्टो गांवच्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेनें तें विकत घेतलें. प्रथम तें केवळ पाहण्यापुरतें नीटनेटकें करावें असा विचार होता. परंतु युद्धांत अशा विमानांवर काम केलेल्या वृद्ध सैनिकांनीं आग्रह धरला कीं तें उडालेंच पाहिजे. मग पगारी कारागीर व स्वयंसेवक मिळून सुमारें ९७,००० तास खपले. दर एक नळी, दर एक तार, पंखांवरील दर एक पत्रा पारखून घेतला. १९८९ च्या सप्टेंबरांत तें पुन्हां आकाशांत गेलें.

पण उडविणें हें निम्मेंच काम. तें उडत ठेवणें हें त्याहून कठीण, आणि तें मीं त्या दिवशीं पाहिलें. त्या संस्थेचीं विमानें दरवर्षीं गांवोगांव फिरत. प्रत्येक ठिकाणीं तेथले स्वयंसेवक पुढें येत: कोणी निवृत्त शिक्षक, कोणी टपालवाला, कोणी कॉलेजची पोर. एक आजीबाई तिकिटें फाडून पैशांचा हिशेब लिहीत होत्या. दोघेजण शिडी धरून उभे होते. कारण आंतली वाट म्हणजे बाँबच्या जागेमधून गेलेली जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी, तिच्यावरून मुलें घसरतील ही भीति. इंजिनें सुरू करण्यापूर्वीं स्वयंसेवकांची रांग लागली व त्यांनीं पंख्यांचीं पातीं हातांनीं ढकलून फिरविलीं. या इंजिनांचे सिलिंडर चक्राकार मांडलेले असतात. रात्रभरांत तळच्या सिलिंडरांत तेल उतरतें, आणि तें न काढतां इंजिन चालविलें तर आंतला दांडा वांकतो. काम अगदीं हमालाचें. पण तें चुकलें तर सारें संपलें.

तेथल्या एका वृद्ध स्वयंसेवकास मीं सांगितलें कीं माझे आजोबा पुण्यास हींच विमानें दुरुस्त करीत असत. त्यांनीं माझ्याकडे क्षणभर पाहिलें, मग एक फडकें माझ्या हातीं दिलें आणि इंजिनाच्या आवरणावरचें तेल पुसावयास सांगितलें. मीं तें मनोभावें पुसलें. काम झाल्यावर त्यांनीं एक फळी पुढें केली; तिला कागद लावलेला होता. “काय केलें तें लिहा आणि सही करा,” ते म्हणाले. माझा हात किंचित् थांबला. मीं मागें जाऊन आवरण पुन्हां एकदां सगळीकडून पाहिलें, एक डाग राहिला होता तो पुसला, आणि मग सही केली.

येथेंच लेख संपवितां आला असता तर मला आनंद झाला असता. परंतु खरें काय तें लिहिलें पाहिजे. २ ऑक्टोबर २०१९ रोजीं याच संस्थेचें दुसरें जुनें विमान, बी-१७ जातीचें, कनेक्टिकट प्रांतांतील ब्रॅडली विमानतळावर कोसळलें, व सात जणांचे प्राण गेले. पैसे घेऊन लोकांस विमानांतून फिरविण्याची संस्थेची परवानगी मार्च २०२० मध्यें सरकारनें काढून घेतली. सरकारी चौकशींत असें ठरलें कीं एका इंजिनाची शक्ति कमी झाल्यावर वैमानिकानें विमान योग्य तऱ्हेनें हाताळलें नाहीं. पण त्यामागें इंजिनांची अपुरी देखभाल होती, आणि धोका वेळींच ओळखण्याची संस्थेची व्यवस्थाही परिणामकारक नव्हती. विमान चालविणारा व देखभालीचा प्रमुख हा एकच गृहस्थ होता, आणि तोही त्यांत गेला.

ती बातमी वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलों. त्या लोकांत विमानाविषयीं प्रेम कमी होतें असें मी म्हणणार नाहीं. तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आणि न्याय करावयास मी कोण? चौदाव्या वर्षीं मीं काय केलें तें वर सांगितलेंच आहे. बांधावर माझेंही प्रेम होतें. पण प्रेमानें बीळ बुजत नाहीं. तें वांकून पाहावें लागतें. आणि आपण पाहिलें कीं नाहीं, हें विचारणारें दुसरें माणूस असावें लागतें. माझ्या घरांत तें होतें, हें माझें भाग्य.

बालमित्रहो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां विमानें दुरुस्त कराल, कोणी शाळेच्या ग्रंथालयाचीं पुस्तकें मोजाल, कोणी मित्रमंडळाची वर्गणी सांभाळाल. त्या कामांचे पोवाडे कोणी गाणार नाहीं. तरीपण कोणीतरी तुमच्या त्या दोन अक्षरांवर विसंबून विमानांत बसतें, किंवा बांधाआड निर्धास्त झोंपतें. त्याचें तोंड तुम्हांस दिसत नाहीं इतकेंच.

आमच्या आळींतली जोळाची रीत आतां उरलेली नाहीं, आणि पुष्कळशीं शेतेंही गेलीं. तरी नारळी पौर्णिमेच्या आधीं मी डोलवीस जातों, आमचा जुना तुकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतों, आणि आजोबांच्या वहींत नोंद करतों. गेल्या वर्षींची नोंद अशी आहे: “बांध पाहिला. उघाडीच्या अलीकडे दोन बिळें होतीं. बुजविलीं.” खालीं माझी सही आहे.