इस्तंबूलच्या हौदातली मेदुसा

इस्तंबूलला गेलेले लोक आयासोफिया आणि निळी मशीद पाहून पुढच्या ठिकाणी निघतात. पण आयासोफियाजवळच एका साध्या दारातून पायऱ्या उतरल्या की येरेबातान हौद लागतो. येरेबातान म्हणजे 'जमिनीत बुडालेला'. सहाव्या शतकात बादशहा जस्टिनियनने तो बांधवला. २८ खांबांची एक, अशा १२ रांगा. एकूण ३३६ खांब, प्रत्येकाची उंची सुमारे ९ मीटर. बरेच खांब जुन्या इमारतींतून आणलेले. उस्मानी काळात राजवाड्याच्या बागांना इथले पाणी मिळे.

अगदी टोकाच्या कोपऱ्यात दोन खांबांखाली दगडी बाईचे डोके आहे. एक आडवे, दुसरे चक्क उलटे. ही ग्रीकांची मेदुसा. केसांच्या जागी साप, आणि जो तिच्याकडे पाहील त्याचा दगड! डोकी अशी का बसवली? कोणी म्हणतात, नजरेचा जोर मोडावा म्हणून. कोणी म्हणतात, खांबाची उंची जुळावी म्हणून.

आमच्यासोबतच्या खालांनी नातवाला मागे ओढले. "नको बघू रे, नजर लागेल!" वर आल्यावर त्यांनीच दुकानातून निळ्या डोळ्याचा मणी घेतला. दुकानदारही त्याला 'नजर'च म्हणत होता. गंमत म्हणजे ग्रीक लोक मेदुसाचा चेहरा ढालींवर आणि देवळांवर कोरत, तो वाईट टळावे म्हणूनच. जिची भीती, तिलाच राखणीला बसवायचे.

जुन्या ग्रीक कथांत ती जन्मतःच राक्षसी आहे. रोमन कवी ओव्हिड मात्र वेगळे सांगतो. मेदुसा सुंदर मुलगी होती. समुद्रदेवाने देवीच्या मंदिरात तिच्यावर अत्याचार केला. देवीने शिक्षा दिली ती मुलीला. तिच्या केसांचे साप झाले. पुढे पर्सियसने ढालीत तिचे प्रतिबिंब पाहत तिचे डोके उडवले. तो वीर ठरला. अत्याचार करणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही.

हडळ, चुडैल, चेटकीण ही नावे आपल्याही घरांत मुलांना भीती घालायला वापरली जातात. पण एखाद्या एकट्या बाईला गावाने 'करणी करणारी' ठरवले, की ती गोष्ट राहत नाही, तिचे जगणे मुश्कील होते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा आहे. म्हणून मुलांना राक्षशिणीची गोष्ट जरूर सांगावी. फक्त तिला राक्षशीण कोणी केले, हेही त्यांना विचारू द्यावे.