फुरकियाच्या दोन रात्री

वाचकहो, या पानांतून आपण हिमालयाविषयी पुष्कळ वाचले असेल, आणि त्यातील काही मजकूर माझ्याच हातून मराठीत आलेला असेल. हिंदीतला लेख मराठीत उतरवणे आणि पाने छापखान्याकडे जाण्यापूर्वी तपासून देणे हा माझा पेशा. लखनौ समुद्रसपाटीपासून जेमतेम १२० मीटर उंच. तेथे पंख्याखाली बसून 'हिमशिखरे सोन्याने न्हाऊन निघाली' असे मी किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. बर्फ मात्र वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत मी लस्सीच्या दुकानापलीकडे पाहिला नव्हता.

पर्वताची गोष्ट म्हटली की आमच्या भागात आधी अरुणिमा सिन्हा यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. आंबेडकरनगरची ही खेळाडू मुलगी २०११ साली लखनौहून दिल्लीला निघाली असता तिला चालत्या गाडीतून बाहेर फेकण्यात आले. एक पाय गेला. २१ मे २०१३ रोजी कृत्रिम पायाने ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. अशा गोष्टीपुढे माझी सात-आठ दिवसांची पायपीट काय सांगावी! तरी सांगतो, कारण तिची गाठ एका आकड्याशी आहे, आणि तो आकडा आपल्यापैकीही काहींच्या घरात येऊन गेला असेल.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणत असू, बँकेत कारकून होता. वाचनाचा नाद दांडगा. काकासाहेब कालेलकरांच्या हिमालय-प्रवासाचे मराठी पुस्तक त्याच्या उशाशी असे. १९१२ साली केलेला तो प्रवास. साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने तो लिहिला गुजरातीत, आणि आम्हांस तो भाषांतरातून वाचावा लागतो. यावरून दादा माझी थट्टा करी, "बघ, तुमच्या धंद्याशिवाय आमचे चालत नाही." दोरखंड न लावता, नुसत्या पायांनी ज्याच्या तोंडाशी जाता येते असा एक हिमप्रवाह त्याने हेरून ठेवला होता. कुमाऊँतला पिंडारी. दरवर्षी दिवाळीपूर्वी जायचे ठरे, आणि दरवर्षी काही तरी आडवे येई.

एप्रिल २०२१ मध्ये लखनौत काय चालले होते ते मी नव्याने वर्णन करीत नाही. दादाला ताप आला. घरात बोटाला लावायचे ते छोटे यंत्र, ऑक्सिमीटर, आणलेले होते. पहिल्या संध्याकाळी त्यात ८७ दिसले. ९४ च्या खाली आले की इस्पितळ गाठा, हे तोवर पोराबाळांनाही पाठ झाले होते. दादा म्हणाला, "माझे बोट गार आहे रे, यंत्र खोटे बोलते." मी म्हणालो, "बरं, सकाळी पाहू." त्याला दम लागलेला नव्हता, तो हसत होता, आणि मला ते पटवून घ्यायचे होते. सकाळी तो हसत नव्हता. त्यानंतरचे दीड दिवस मी सिलिंडर भरून देणाऱ्या एका कारखान्याबाहेर रांगेत काढले. फोन आला तेव्हा माझ्यापुढे नऊ माणसे होती. कोणाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. रांगेतल्या प्रत्येकाचा कोणी तरी घरी होता. माझ्या मनात रुतून बसली ती रांग नव्हे, 'सकाळी पाहू' हे दोन शब्द.

अडीच वर्षे गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी रजा मागितली आणि घरी सांगितले की पिंडारीला जातो, एकटाच. आई दोन दिवस बोलली नाही. वहिनींनी मात्र कपाटातून ते यंत्र काढून माझ्या पिशवीत ठेवले. म्हणाल्या, "भावजी, हे बरोबर असू द्या." एवढेच.

लखनौहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी काठगोदाम, तेथून जीपने अल्मोड्यावरून बागेश्वर. बागनाथाच्या देवळापाशी शरयू आणि गोमती यांचा संगम आहे. गोमती हे नाव ऐकून लखनौकराचा जीव क्षणभर सुखावतो. परंतु ही गोमती निराळी, आमची पिलिभीतकडच्या तळ्यातून निघते. दुसऱ्या दिवशी कपकोटमार्गे खरकियापर्यंत जीप आणि पुढे पाच किलोमीटर चालून खाती. पूर्वी लोक लोहारखेत, धाकुडीवरून चालत येत. आता रस्त्याने ती चाल वाचवली आहे. वाचवली म्हणजे बरे केले की नाही, हे मला परतताना कळले. शरीराला उंचीची ओळख करून देणारे दोन दिवसही त्यात गेले.

खातीहून द्वालीपर्यंत वाट पिंडर नदीच्या काठाने जाते. जून २०१३ च्या पुराने तिची जागोजाग मोडतोड केली होती; दरडींचे ओरखडे अजून दिसतात. द्वालीला कफनी नदी पिंडरला मिळते. येथवर मी उत्तम चाललो, काहीसा ऐटीतच. द्वाली २,५७५ मीटरवर, पुढचा मुक्काम फुरकिया ३,२६० मीटरवर. अंतर अवघे पाच किलोमीटर म्हणून मी ते एका दमात काढले. अंतरावर विसंबणारा माणूस पहाडात असा फसतो.

फुरकियाला विश्रामगृह आहे. झाडे मागे राहतात, वारा बोलू लागतो. पोहोचल्यावर तासाभरात डोके ठणकू लागले, जेवणाकडे पाहवेना. अंथरुणात शिरून मी यंत्र बोटाला लावले.

८७.

वाचकहो, त्या खोलीतील मेणबत्ती, घोंगडीचा वास, बाहेर नदीचा आवाज, हे सर्व होते आणि नव्हतेही. माझे बोट गार होते. मी ते मांडीखाली धरून ऊब दिली आणि पुन्हा लावले. ८७. आणि माझ्याच तोंडून, मोठ्याने, शब्द निघाले, "सकाळी पाहू." ते ऐकून मी ताडकन उठून बसलो.

चौकीदाराच्या दारावर थाप मारली. पन्नाशीचा माणूस, चुलीपाशी बसलेला. मी यंत्र त्याच्यापुढे धरले. त्याने आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. विचारले, उलटी झाली? खोकला? मला त्या पट्टीवरून सरळ चालून दाखवायला लावले. मी चाललो. "मग बसा, दाज्यू," तो म्हणाला. "उद्या वर जायचे नाही. डोके थांबले तर परवा. रात्री वाढले तर मला उठवा, दोघे द्वालीला उतरू. कंदील आहे." मग त्याने यंत्र स्वतःच्या बोटाला लावले. ९१. त्याला फार मौज वाटली. जन्म डोंगरात गेलेल्या माणसाचेही तेथे एक्याण्णवच!

हवेत प्राणवायूचा वाटा सगळीकडे तोच असतो, शेकडा २१. उंचीवर उतरतो तो हवेचा दाब, आणि त्याबरोबर रक्तात पोहोचणारा प्राणवायू. निरोगी माणसाचा आकडाही तेथे खाली येतो, शरीर जलद श्वास घेऊन ती तूट भरू पाहते. आजाऱ्याच्या छातीत पाणी भरून आलेला ८७ आणि उंचीने आणलेला ८७ हे दिसायला एक, अर्थाने दोन. भाषांतरकाराला हे कळायला हवे होते. पण उंचीवरही तो अर्थ बदलू शकतो, म्हणून तर चालून दाखवायचे, विचारपूस करायची, आणि शंका आली की उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरायचे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक चढवू नये असे जाणते सांगतात. मी जवळजवळ सातशे चढवली होती.

'दाज्यू' म्हणजे कुमाऊँनीत थोरला भाऊ. वाटेत पोरेसोरे परक्यालाही असेच म्हणतात. त्या रात्री चुलीपाशी बसलो असता तो मला तसे म्हणाला, आणि मी धाकटा आहे हे त्याला सांगावे असे फार वाटले. बोललो ते भलतेच. सगळे बोललो, ८७, गार बोट, रांग. त्याने मधेच 'च्च' केले नाही की समजूत घातली नाही. लाकूड सारले आणि विचारले, "त्यांना चहा गोड लागायचा की कमी?" दादा तीन चमचे साखर घेई. तसा चहा त्याने केला, आणि आम्ही दोघांनी तो घेतला.

दुसरा दिवस मी फुरकियातच काढला. तिसऱ्या पहाटे डोके स्वच्छ होते. सात किलोमीटर कुरणांतून चढून झीरो पॉइंट, ३,६६० मीटर. समोर नंदाखाट, चांगूच, नंदाकोट; त्यांच्यामधली ट्रेल खिंड, ५,३१२ मीटर. १८३० साली कमिशनर ट्रेलच्या काळात ती ओलांडली गेली. नाव साहेबाचे लागले, बर्फातून आधी पावले टाकली ती सुपी गावच्या मलकसिंगाने. हिमप्रवाह स्वतः बराच मागे सरला आहे. जेथे पूर्वी बर्फाचे तोंड होते तेथे आता ढासळता कडा आहे, पुढे जाता येत नाही. सोन्याने न्हालेले मला काही दिसले नाही. ऊन पांढरे होते आणि डोळ्यांना बोचत होते.

यंत्राने ८४ दाखवले. मी तेथे एका दगडावर बसून, दहा मिनिटे, नुसता श्वास मोजला. दादाचे काही बरोबर आणले नव्हते, वाहायलाही काही नव्हते. थंडी वाजू लागली तसा उतरलो.

फुरकियाला निरोप घेताना यंत्र चौकीदाराच्या खिडकीत ठेवून आलो. माझ्यासारखे ऐटीत येणारे पुष्कळ असतात.

घरी पोहोचलो तो आईने पाय शेकायला पाणी ठेवले होते. वहिनी पिशवी रिकामी करीत होत्या. त्यांचा हात तळाशी थांबला. मी सांगितले, कोठे ठेवले आणि कोणाजवळ. त्या थोडा वेळ मोजे उलगडीत राहिल्या.

"सेल नवे घालून दिलेत ना?" त्यांनी विचारले.