झोपाळा

पहाटे उठण्याची माझी ख्याती नाही. पण २०२५ च्या नरकचतुर्दशीला नातवाने मला अभ्यंगस्नानाच्याही आधी गच्चीवर ओढून नेले. त्याच्या लहानशा दुर्बिणीत गुरू होता आणि शेजारी एका रेषेत उजेडाचे ठिपके. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने पाहिलेले हेच ते चंद्र.

"आजोबा, यांतले तिघे मोठे शिस्तीचे आहेत," तो म्हणाला. आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. प्रत्येक वेळी ठरल्या जागी गाठ, ठरल्या जागी ओढ. मला आमच्या कोकणातल्या ओटीवरचा झोपाळा आठवला. आम्ही तिघे भाऊ. थोरला अण्णा झोका द्यायचा. जोर फारसा नाही, पण क्षण नेमका. तेवढ्याने पाय आढ्याला लागायचे! आयोचे तसेच झाले आहे. या ओढींनी त्याची कक्षा लंबगोल राहते. गुरूच्या जवळ येताना नि दूर जाताना तो पिळवटला जातो, आतून तापतो. १९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजरने त्याच्यावरचे ज्वालामुखी टिपले. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी तिघा शास्त्रज्ञांनी निव्वळ गणिताने हे भाकीत छापले होते.

मग यानाची गोष्ट निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचे आहे. पण ते युरोपाभोवती घिरट्या घालणार नाही. तिथल्या किरणोत्सर्गात यंत्रे फार दिवस टिकत नाहीत. ते गुरूभोवतीच लांबट फेऱ्या घेईल. युरोपाच्या चार फेऱ्या होईतो यानाची एक झाली, तर साधारण १४ दिवसांनी दोघांची पुन्हा त्याच जागी गाठ. प्रत्येक गाठीत चंद्राची ओढ यानाची वाट वळवते, आणि इंधन जळते अगदी थोडे. अशा ४९ भेटी आधीच आखलेल्या आहेत. या काटकसरीचे मला फार कौतुक वाटले. आमच्या आईने असाच संसार केला.

"पण गंमत अशी," नातू म्हणाला, "की हे तिघे एका बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. युरोपा नि गॅनिमीड भेटले, की आयो नेमका गुरूच्या पलीकडे!"

मी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. घराच्या वाटणीनंतरही अण्णा नि धाकटा दर गणपतीत भेटतात. मी अकरा वर्षांत गेलेलो नाही. 'यंदा रजा नाही' हे माझे कारण निवृत्तीनंतरही चालू आहे.

खालून हिची हाक आली, "पाणी निवतंय!" मी उतरलो, तो आधी फोनाकडे गेलो. पाच वाजले होते. पण अण्णा लवकर उठतो. झोपाळा अजून आहे का, एवढेच विचारायचे होते.